शेजाऱ्याच्या साक्षीनं मालक

बदलापूरला घर घ्यायला निघालेला माणूस बिल्डरच्या ऑफिसात बसला की कार्पेट एरियाच्याही आधी विचारतो, "सातबारा क्लिअर आहे ना?" समोरचा ड्रॉवर उघडून प्रत पुढे सरकवतो आणि दोघांचंही समाधान होतं. ते होऊ नये. सातबारा हा मालकीचा दाखला नाही, हे आपली न्यायालयं पुन्हापुन्हा सांगत आली आहेत. महसुली दप्तरातल्या फेरफारानं मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, ज्याचं नाव लागलं त्यानं सारा भरायचा एवढाच त्याचा अर्थ, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालच्या एका निकालात स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५७ नोंद खरी धरायला सांगतं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मग मालकीचा कागद कुठला? शेतजमिनीच्या बाबतीत याचं प्रामाणिक उत्तर असं, की तसा एकच एक कागद आपल्याकडे नाही आणि पूर्वीही नव्हता. उल्हास खोऱ्यातल्या गावांत मालकी नांदत होती ती शेजाऱ्यांच्या साक्षीत. सरकारकडे कागद होता तो साऱ्याचा. गावाचं शहर झालं, साक्षीदार पांगले, आणि ज्या कागदाला फक्त पैसे कुणाकडून घ्यायचे एवढंच सांगायचं होतं त्याच्यावर मालकी सिद्ध करण्याचं काम येऊन पडलं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाच लोकलमार्गावरच्या तीन शहरांतली जमिनीची बरीचशी भांडणं या एका अदलाबदलीतून सुटी करून पाहता येतात.

कुळगाव, मांजर्ली, कात्रप, बेलवली, खरवई, वालिवली ही नावं आज बदलापुरात रिक्षानं कुठे उतरायचं ते सांगण्यापुरती उरली आहेत. मुळात ती स्वतंत्र गावं. आगरी आणि कुणबी वस्ती, डोंगराकडे ठाकूर आणि कातकरी पाडे. अशा गावठाणातलं जुनं घर पाहिलं तर मालकीची रीत भिंतीतच दिसते. पुढे ओटी, मधे माजघर, मागे परसू. आणि दोन घरांच्या भिंतींमधे हात-दीड हाताची सांद मोकळी सोडलेली. ती सांद वाया गेलेली जागा नव्हे. कौलांवरून पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथवर घरमालकाची हद्द, हा अलिखित नियम. म्हणून छपराचा वासा वीतभर पुढे आला की लगेच ओरड व्हायची, कारण वासा पुढे म्हणजे पाणी पुढे आणि पाणी पुढे म्हणजे हद्द पुढे. कुणी मोजपट्टी लावत नसे, पण पहिल्या पावसात साऱ्या आळीला हद्द दिसत असे. शेतातही तेच. भातखाचरांमधला बांध दरवर्षी चिखलानं लिंपायचा असतो आणि लिंपताना फावड्याचा एक फटका पलीकडे जास्त मारला की बांध बोटभर सरकतो. बांध कोरणाऱ्याची गावात जी कुप्रसिद्धी असते ती चोराचीही नसते. खाचराला जोडून वरकस जमीन असे. तिथला पालापाचोळा आणि फांद्या खाचराच्या कोपऱ्यात जाळून राब करायचा आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. ज्याचं खाचर त्याला वरकसातून राबाचा पाला आणण्याचा हक्क, मग वरकस कुणाच्याही नावावर का असेना. झाडाचा मालक एक आणि जमिनीचा दुसरा, हेही चालायचं. म्हणजे एकाच जमिनीच्या तुकड्यावर पाच-सहा जणांचे निरनिराळे हक्क थर देऊन बसलेले, आणि ते सगळे सगळ्यांना तोंडपाठ.

ही पद्धत अडाणीपणाची नव्हती, फार जुनी होती. शिलाहार राजा छित्तराज याचा १०२६ सालचा भांडुप ताम्रपट ठाण्याच्या परिसरातलं एक शेत दान देतो, तेव्हा त्या शेताचं क्षेत्रफळ काटेकोरपणे सांगण्याऐवजी त्याच्या चारी बाजूंना काय आहे ते सांगतो. आजच्या खरेदीखतातही 'चतुःसीमा' म्हणून पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असा मजकूर असतोच. हजार वर्षांत लिपी बदलली, राज्यं बदलली, पण जमिनीची ओळख शेजाऱ्यावरून पटवण्याची रीत सुटली नाही. त्याच शिलाहारांच्या काळात अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं. तिथला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. दान मोडणाऱ्याला अश्लील शिवी देणारे गधेगाळ नावाचे दगड त्या राजवटीनं कोकणभर रोवले. तलाठी नाही, रजिस्ट्रार नाही, तेव्हा हद्दीचं रक्षण करायला उरते ती चारचौघांतली लाज, आणि दगड त्याच लाजेला हाक मारतो. (याच मंदिराभोवती आज दुसरा पेच आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई असल्यानं तिथल्या घरमालकाकडे कागद निर्वेध असला तरी विटेवर वीट चढवायची मुभा नाही. मालकी म्हणजे एक अखंड वस्तू नव्हे, हे कळायला एवढं उदाहरण पुरे.)

साऱ्याचा कागद आला तो इंग्रजांबरोबर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणी पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, जमिनीची प्रत ठरली, आकार बसला. या मोजणीचा हेतू सरळ होता: अमुक नंबराचा सारा कुणाकडून वसूल करायचा. हक्कांची नोंद, म्हणजे आज ज्याला आपण सातबारा म्हणतो त्याचा पूर्वज, हा १९०३ च्या कायद्यानं आला, आणि तोही सावकारी, वाटण्या, गहाणं यांमुळे खरा वहिवाटदार कोण हेच कळेनासं झालं म्हणून. त्यात एक मोठी जागा सुटली. गावठाण, म्हणजे माणसं जिथे राहत होती ती वस्ती, सगळी मिळून एकच तुकडा धरली गेली. घराखालच्या जागेवर शेतसारा नाही, म्हणून तिच्या पोटातल्या हद्दींशी सरकारला देणंघेणं नाही. परिणाम असा, की ज्या खाचरात माणूस वर्षातले काही महिने राबतो त्याचा सातबारा आहे आणि ज्या घरात तो जन्मतो-मरतो त्याचा नाही. घराचा पुरावा म्हणून मिळत आली ती ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची नोंद, म्हणजे पुन्हा कराचाच कागद.

हे आपलंच दुर्दैव असतं तर इंग्रज कलेक्टरांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण हीच गोष्ट, जवळजवळ याच पात्रांसह, समुद्रापार जावा बेटावर घडली. १८११ ते १८१६ या काळात जावा इंग्रजांकडे होतं आणि स्टॅमफर्ड रॅफल्स तिथला कारभारी होता. मद्रासकडे मन्रोनं लावलेल्या रयतवारीचे धडे समोर ठेवून त्यानं तिथे जमीनसारा बसवला. म्हैसूरची मोजणी करणारा कॉलिन मॅकेंझी त्याच सुमारास जावात होता आणि तिथल्या जमीनधारणेच्या चौकशीत त्याचा हात होता. डच परतले तरी साऱ्याची कल्पना राहिली, आणि पुढे गावच्या कचेरीत 'लेटर सी' नावाची वही आली, शेतकऱ्याच्या हातात 'पेटुक' किंवा 'गिरिक' नावाची कराची पावती आली. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ती पावती मालकीचं खत समजून पेटीत जपत आली. इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६० सालीच बजावलं, की पेटुक हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. आपल्या न्यायालयानं सातबाऱ्याबद्दल जे म्हटलं तेच. भाषा वेगळी, वर्ष वेगळं.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं एखादं छोटं गाव डोळ्यांपुढे आणलं तर ते अनोळखी वाटत नाही. घराभोवती नारळ-केळीचं परसू, मागे भाताची पाणथळ शेतं, समुद्राकडे मासळीची तळी. गावच्या मुखियाला पगाराऐवजी कसायला दिलेली 'बंकोक' नावाची जमीन, जी आपल्या पाटील वतनाची सख्खी बहीण शोभेल. आपली महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला गेली, बंकोक बऱ्याच गावांत अजून आहे. तिथेही कुणाचं परसू कुठवर हे मुखिया आणि शेजारी सांगतात, आणि नारळाचं झाड जमिनीपासून वेगळं गहाण पडू शकतं. एक फरक मात्र डोळ्यांत भरणारा आहे. जावाच्या रूढीत लग्नानंतर नवराबायकोनं मिळून कमावलेली मिळकत 'गोनो-गिनी' म्हणून दोघांची असते आणि काडीमोड झाल्यास वाटली जाते. मुलींनाही वारसा मिळतो, आणि लग्नानंतर मुलगी माहेरच्या गावातच, पुष्कळदा आईबापांच्या शेजारीच, राहणं यात कुणाला वावगं वाटत नाही. हिल्ड्रेड गिर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या १९६१ च्या 'द जावानीज फॅमिली' या पुस्तकात या कुटुंबरचनेचं सविस्तर वर्णन आहे. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला आणि सगळ्यांत जोरकस आक्षेप इथेच उभा राहतो. शेजाऱ्यांच्या साक्षीचं एवढं कौतुक कशासाठी? ती साक्ष बलवानांची होती. कुळ पिढ्यान्‌पिढ्या कसत असलं तरी गावाच्या लेखी जमीन सावकाराचीच. कातकऱ्याच्या झोपडीखालची जागा कुणाची, याची साक्ष कातकऱ्याला कुणी विचारत नसे. लेकीचं नाव तर घेण्याची रीतच नव्हती. आक्षेप खरा आहे आणि तो पुसून टाकता येत नाही. शिवाय कुळांना जमिनी मिळाल्या त्या कागदामुळेच. १९४८ चा कुळवहिवाट कायदा आणि त्याखालचा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालक केलं तेव्हा सातबाऱ्यातली पीकपाहणीची ओळ, म्हणजे अमुक साली ही जमीन प्रत्यक्ष कुणी कसली हे सांगणारी नोंद, निर्णायक ठरली. ज्याच्याकडे या कायद्याच्या कलम ३२-म चं प्रमाणपत्र आलं तो मालक झाला. ज्यांची नोंदच तलाठ्यानं केली नव्हती ते कसूनही राहिले ते राहिलेच. पण बारकाईनं पाहिलं तर हे उदाहरण कागदाच्या बाजूचं जितकं, तितकंच साक्षीच्याही बाजूचं आहे. पीकपाहणी म्हणजे तेव्हा तलाठ्यानं बांधावर जाऊन, चार माणसांना विचारून केलेली नोंद. सातबाऱ्यातला हा एकच भाग असा, की ज्यात कागद शेतापर्यंत चालत जातो. जिथे तो चालत गेला तिथे न्याय झाला, जिथे तलाठी चावडीत बसूनच रकाने भरत राहिला तिथे झाला नाही. आणि लेकींचं म्हणाल, तर जावाकडे पाहिल्यावर एवढं तरी कळतं, की मुलीला वगळणं हा गावगाड्याचा किंवा भातशेतीचा स्वभाव नव्हे; ती आपली निवड होती. साक्षीवर चालणारी मालकी बायकांना वाटा देऊ शकते, जावात देत आली आहे. आपण दिला नाही.

त्या निवडीची किंमत शहर आल्यावर वसूल झाली. मुंबईहून रेल्वे कल्याणपुढे या गावांतून १८५६ साली गेली, तरी तिच्यामुळे गावांची शहरं लगेच झाली नाहीत. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना, दारूगोळा कारखाना आणि मग एमआयडीसी आली, उल्हासनगरला निर्वासित आले, पण बदलापूर बराच काळ भाताचं कोठार राहिलं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये पावणेदोन लाख. या दहा वर्षांत, आणि त्यानंतर त्याहून वेगानं, खाचरांवर इमारती उठल्या. बिल्डर आला तेव्हा सातबाऱ्यावर बहुधा एकच नाव असे, थोरल्या भावाचं, आणि त्यापुढे 'ए.कु.पु.', म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. साऱ्यासाठी एक नाव पुरे, म्हणून सरकारनं एकच लिहिलं; भावाभावांना आपले वाटे माहीत, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र यांवर थोरल्यानं सही केली, आणि दोन मजले चढल्यावर धाकट्याची मुलं, आत्याची मुलं, नगरला दिलेली बहीण असे सगळे दिवाणी कोर्टात हजर झाले. बहिणींच्या हक्काचा कायदा टप्प्याटप्प्यानं आला: महाराष्ट्रानं १९९४ साली, संसदेनं २००५ साली, आणि वडील हयात असोत वा नसोत मुलगी जन्मानंच सहदायाद आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली पक्कं केलं. त्यामुळे हक्कसोडपत्राला जोर चढला. बहिणीला साडीचोळी करून, भाऊबीजेचा हवाला देऊन, निबंधकाच्या कचेरीत सही घ्यायची. कायदेशीरदृष्ट्या ती बिनतोड. पण कायद्यानं दिलेला वाटा अशा तऱ्हेनं परत जातो तेव्हा कागदानं साक्षीवर मात केली असं म्हणवत नाही. जुनीच साक्ष नव्या स्टॅम्पपेपरवर उतरते.

साक्ष आहे पण कागद नाही, अशा अवस्थेत काय होतं याचं ढळढळीत उदाहरण अंबरनाथपासून जवळच, कल्याण–हाजीमलंग रस्त्यावर नेवाळीला आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं तिथली सुमारे सोळाशे एकर जमीन विमानतळासाठी घेतली. युद्ध संपलं, धावपट्टी ओस पडली आणि शेतकरी परत आपल्या जमिनी कसू लागले. युद्धानंतर जमीन परत द्यायची होती, असं त्यांचं म्हणणं. जमीन आमचीच, असं संरक्षण खात्याचं. सत्तरएक वर्षं दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी नांदली, कारण कागदाला शेतात यायची गरज पडली नव्हती. कुणाचं खाचर कुठलं हे गावाला माहीत होतं, त्यावर वाटण्या होत होत्या, लग्नं ठरत होती. नौदलानं कुंपण घालायला घेतलं तेव्हा २२ जून २०१७ ला उद्रेक झाला. वाहनं जळाली, पोलीस जखमी झाले, शेतकरीही. त्यात कायद्यानं कुणाची बाजू वरचढ हा प्रश्न बाजूला ठेवू. तीन पिढ्यांच्या वहिवाटीची साक्ष साऱ्या पंचक्रोशीनं दिली तरी दप्तरातल्या एका नोंदीपुढे ती उभी राहत नाही, आणि ती दप्तरातली नोंदही तीन पिढ्या कसणाऱ्यांना जमिनीवरून हलवू शकत नाही, एवढं त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

उलट टोक उल्हासनगर. इथे साक्ष नव्हतीच, कागदच होता. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर निर्वासित, बहुतेक सिंधी, आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. सिंधमध्ये मागे टाकलेल्या मिळकतीचे दावे १९५४ च्या कायद्याखाली तपासून बराकींतल्या खोल्या आणि भूखंड भरपाईपोटी दिले गेले, त्यांच्या सनदा झाल्या. मालकीचा कागद म्हणाल तर सातबाऱ्यापेक्षा सनद कितीतरी सरस: सरकारनं स्वतः, मालकी द्यायची म्हणून, दिलेला दस्त. कागदच सगळं ठरवत असता तर उल्हासनगर हे ठाणे जिल्ह्यातलं सर्वांत निर्वेध शहर व्हायला हवं होतं. झालं काय? बराकीसमोरचं अंगण, मागची मोकळी जागा, नाल्याकडेची पट्टी यांवर कुणाचा हक्क याची कुठलीच जुनी आठवण नव्हती, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. गावात वासा वीतभर पुढे आला तर आळी ओरडते. कालच शेजारी राहायला आलेला, स्वतःही तेवढाच उखडून आलेला माणूस ओरडत नाही, तोही आपली भिंत पुढे घेतो. सनदेत लिहिलेल्या जागेवर आणि न लिहिलेल्याही जागेवर मजले चढले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश झाले, आणि शेवटी २००६ साली विधिमंडळाला फक्त या एका शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा करावा लागला. यात सिंधी समाजाला बोल लावण्याची जी सवय आजूबाजूच्या शहरांना आहे ती निव्वळ आळस आहे. घरदार सोडून आलेल्यांनी दोन पिढ्यांत तिथे एक औद्योगिक शहर उभं केलं. पण हद्द सांभाळायला लागणारी आठवण कुठल्याही पुनर्वसन खात्याला वाटता येत नाही.

आता दुसरा आक्षेप. हे सगळं संगणक येण्याआधीचं. डिजिटल सातबारा आहे, ई-फेरफार आहे, ड्रोननं गावठाणं मोजली जात आहेत, उद्या सरकार हमीची मालकी देईल, मग साक्षीची गरज कुणाला? या सुधारणा खोट्या नाहीत. तलाठ्याच्या खोडाखोडीला त्यांनी आळा घातला, आणि केंद्राची २०२० ची स्वामित्व योजना पुष्कळ गावठाणांतल्या घरांना पहिल्यांदाच मिळकत पत्रिका देते आहे. मोजणीचा दीडशे वर्षांचा अनुशेष भरून निघतो आहे. पण संगणक नोंद उतरवून घेतो, तपासत नाही. थोरल्याचं एकट्याचं नाव कागदावर होतं तसंच पडद्यावर आलं, आणि आता त्याला डिजिटल सहीचं वजन मिळालं. ड्रोनला कौल दिसतं, पागोळीचं पाणी कुठे पडतं ते दिसतं का? आणि स्वामित्व योजना ग्रामीण भागासाठी आहे. कात्रप-मांजर्लीसारखी जी गावं नगरपालिकेच्या हद्दीत गेली, त्यांची माणसं अजून गावदेवीच्या जत्रेला एकत्र येत असली तरी सरकारी व्याख्येनं ती शहरी झाली आणि योजनेबाहेर पडली.

जावात हेच घाईनं करू पाहताहेत. सरकारनं गावंच्या गावं एकदम नोंदवण्याची मोहीम काही वर्षांपूर्वी हाती घेतली, आणि २०२१ च्या नियमानं जुन्या पेटुक-गिरिकवाल्यांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. त्यापुढे तो कागद पुरावा म्हणून चालणार नाही, असं त्यात ठरवलं. याच नियमांत समुद्रानं गिळलेल्या जमिनीचंही कलम आहे. देमाक जिल्ह्यातल्या तिंबुल्स्लोकोसारख्या किनारी गावांत जमीन खचते आहे आणि समुद्र घरात आला आहे. जमीन नष्ट झाली की तिच्यावरचा हक्कही संपतो, असं इंडोनेशियाचा १९६० चा मूळ कायदाच सांगतो. भरतीच्या पाण्यात फळ्यांवर चालत घरात जाणाऱ्या माणसाला कागद म्हणतो, की इथे तुझं काही उरलेलं नाही. गाव मात्र अजून सांगू शकतं, की या पाण्याखाली कुणाचं शेत होतं.

म्हणून प्रश्न कागद की साक्ष असा नाहीच. साक्ष जिवंत असताना ती कागदावर उतरते का, हा आहे. त्याची साधनं आपल्याकडे आहेत. २०१७ साली सातबाऱ्याचं चावडीवाचन राज्यभर झालं, म्हणजे नोंदी गावासमोर मोठ्यानं वाचायच्या आणि चुका तिथेच सांगायच्या. ते वाचन गावठाणाच्या मोजणीला आणि वारसनोंदीला जोडलं, आणि गावच्या बायका, सासरी गेलेल्या मुली धरून, त्या वाचनाला बसल्या, तर निम्मे दावे कोर्टाची पायरी चढण्याआधी मिटतील असं मला वाटतं. हे शहरात गेलेल्या गावांतच आधी व्हायला हवं, कारण तिथे वेळ सर्वांत कमी आहे. जमिनीच्या मोजणीत लगतच्या कब्जेदाराला नोटीस देऊन त्याच्यासमोर हद्द कायम करायची, हा भूमी अभिलेख खात्याचा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण बदलापुरात लगतचा कब्जेदार आता बहुधा गृहनिर्माण संस्था असते. तिच्यातल्या पुष्कळांच्या इमारतीखालच्या जमिनीचं अभिहस्तांतरणच झालेलं नसतं. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव, आणि २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावावर करून घेण्याची, सोय असूनही संस्थेनं अर्ज केलेला नसतो. म्हणजे हद्दीवर उभं राहून साक्ष द्यायची ज्याच्यावर वेळ येणार, त्या शेजाऱ्याची स्वतःची जमीन कागदावर दुसऱ्याची, आणि मूळ बांध कुठे होता हे सांगणारं त्या साठ फ्लॅटांत कुणी नाही. मोजणीदाराची नोटीस संस्थेच्या पत्रपेटीत पडणार, आणि ठरलेल्या दिवशी फाटक उघडायला वॉचमन येणार.